मराठा पायदळाची पलटण : अडीचशे वर्षांच्या रचनेची पार्श्वभूमी

‘मराठा रेजिमेंट अमुक आघाडीवर लढली’ असे वाक्य आपल्याकडे बातमीत, भाषणात, गावातल्या स्मारकाच्या पाटीवरही सर्रास दिसते. भावना खरी असली तरी रचनेच्या दृष्टीने ते वाक्य चुकते. भारतीय लष्करात आख्खी रेजिमेंट एकत्र लढायला जात नाही. लढते ती पलटण, म्हणजे बटालियन. मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटण काश्मीरमध्ये असेल, तेव्हा दुसरी ईशान्येत आणि तिसरी राजस्थानात असू शकते. तिघींचे कॅप-बॅज एक, घोषणा एक, प्रशिक्षणाचे सेंटर एक. पण तिघींचे ब्रिगेडियर, म्हणजे काही पलटणींच्या एकत्रित दलाचे (ब्रिगेडचे) प्रमुख, वेगळे आणि शेजारी लढणारे जवानही वेगळ्या प्रांतांतले. ही घडी कुणी एका दिवशी बसून घातलेली नाही. ती पराभव, बंड, अपमान आणि महायुद्धांतल्या भयंकर हानीतून घडत गेली. म्हणूनच ती समजून घ्यायची तर मागे जावे लागते.

आधी आजची घडी पाहू. पायदळाचा सर्वांत लहान लढाऊ गट म्हणजे सेक्शन. त्यात दहा जवान आणि त्यांचा प्रमुख हवालदार. तीन सेक्शनची एक प्लाटून. ती नायब सुभेदार किंवा सुभेदाराकडे. तीन प्लाटूनची एक रायफल कंपनी. ती मेजरच्या हाताखाली. अशा चार रायफल कंपन्या, शिवाय उखळी तोफा, मशीनगन आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे सांभाळणारी सपोर्ट कंपनी, आणि लंगरापासून वाहनांपर्यंत सगळे चालवणारी मुख्यालयाची कंपनी. धाडसी मोहिमांसाठी निवडलेल्या जवानांची घातक प्लाटून वेगळी. हे सगळे मिळून सुमारे ८०० माणसांची पलटण होते. प्रमुख कर्नल, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, ज्यांना सगळे ‘सीओ साहेब’ म्हणतात. त्यांच्या बरोबरीने पलटणीचा खरा आधार असतो सुभेदार मेजर. शिपाई म्हणून भरती होऊन पायरी-पायरीने वर आलेला हा माणूस जवानांच्या घरच्या अडचणींपासून पलटणीच्या मंदिरातल्या परेडपर्यंत सगळे जाणतो. अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलतात, जवान मात्र बहुतेक सगळी नोकरी एकाच पलटणीत काढतो.

दहा माणसांवर एक प्रमुख, ही कल्पना मराठी मुलखाला इंग्रजांनी शिकवलेली नाही. सभासद बखरीत शिवछत्रपतींच्या पायदळाची उतरंड दिली आहे : नऊ-दहा पाईकांवर नाईक, पाच नाईकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी, आणि साऱ्यांवर सरनोबत. पायदळाचे सरनोबत म्हणून येसाजी कंकांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. गड राखणे, अडचणीच्या वाटेने चढून जाणे, रात्री छापा घालणे ही कामे घोडदळाची नव्हेत, ती या मावळी पायदळाची. पुढे पेशवाईत मराठी फौजांचा पसारा उत्तरेत वाढला तसा भर घोडदळावर गेला. कवायती पायदळाचे महत्त्व ओळखले गेले तेव्हा ते बाहेरच्या माणसांकडून उभे राहिले. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याची पथके होती. महादजी शिंद्यांनी द बॉयन या फ्रेंच भाषक सेनानीकडून कंपू, म्हणजे कवायती पलटणींची दले, उभारून घेतले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला इंग्रज सेनानी वेलस्लीची सर्वाधिक हानी केली ती शिंद्यांच्या याच पायदळाने आणि तोफखान्याने. मात्र त्यांचे बरेचसे युरोपीय अधिकारी ऐन युद्धात सोडून गेले होते. वरच्या हुद्द्यांवर आपली माणसे तयार न करता उसनी आणलेली रचना किती ठिसूळ असते, हे असईइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसले असेल.

दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीची फौज वाढत होती. मुंबई बेट १६६८मध्ये कंपनीकडे आले. १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर बेटाच्या उत्तरेला थेट मराठी सत्ता येऊन भिडली. गोरे सैनिक थोडे, ते आणायला महाग आणि इथल्या हवेत आजारी पडणारे. म्हणून कंपनीने देशी शिपायांच्या पलटणी बांधायला घेतल्या. ऑगस्ट १७६८मध्ये मुंबईच्या शिपायांची दुसरी बटालियन उभी राहिली. आज जिला ‘जंगी पलटण’ म्हणतात, ती मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण तीच.

हे वास्तव टाळून पुढे जाता येत नाही. ही पलटण मुंबईतले कंपनीचे ठाणे राखायला उभी झाली, आणि समोरची सर्वांत मोठी सत्ता पुण्याची होती. १७७९मध्ये वडगावला पेशव्यांच्या फौजेने मुंबईच्या सैन्याला शरण यायला लावले, तेव्हा दोन्हीकडे कोकण-देशावरचीच माणसे होती. पोटासाठी आणि रोख, वेळेवर मिळणाऱ्या पगारासाठी माणूस ज्या फौजेत जागा मिळेल तिथे गेला. त्याला आजच्या राष्ट्रकल्पनेने जोखणे अन्यायाचे होईल, आणि तो काळ वगळून थेट शौर्यकथांवर उडी मारणेही तितकेच चुकीचे.

मुंबई फौजेचे एक वैशिष्ट्य होते. बंगालच्या फौजेत अवध-बिहारकडच्या उच्चवर्णीयांचा भरणा, तर मुंबईच्या पलटणींत मराठे, महार, कोकणातले मुसलमान, परदेशी म्हणजे उत्तरेकडून आलेले, असे सगळे एका रांगेत. बढती देतानाही बंगालप्रमाणे केवळ नोकरीची वर्षे न मोजता लायकी पाहिली जाई. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेली मुंबईच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन अशीच मिश्र होती. तिथल्या स्तंभावर कोरलेल्या मृतांमध्ये ‘नाक’ हा प्रत्यय असलेली महार सैनिकांची २२ नावे आहेत. ती पलटण पुढे ग्रेनेडियर्समध्ये गेली.

नाव आणि क्रमांक यांचा खेळ त्यानंतर शंभर वर्षे चालला. १७९६मध्ये दोन-दोन बटालियन जोडून रेजिमेंट केल्या. १८२४मध्ये त्या पुन्हा सुट्या करून प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक दिला. जंगी पलटणीला तिसरा क्रमांक मिळाला, दुसऱ्या एकीला पाचवा. ही पाचवी पहिल्या अफगाण युद्धाच्या काळात बलुचिस्तानात होती. १८४०मध्ये तिच्या एका तुकडीने मरी टोळ्यांच्या मुलखातले काहून हे ठाणे कॅप्टन लुइस ब्राउनच्या हाताखाली काही महिने वेढ्यात टिकवले. १८४१मध्ये तिला ‘लाइट इन्फंट्री’ हा किताब मिळाला. मुख्य ओळीच्या पुढे विखरून चालायचे, जलद हलायचे, स्वतःच्या अकलेने जागा निवडून गोळी चालवायची, असे काम करणाऱ्या पायदळाला युरोपात हे नाव होते आणि ते मानाचे मानले जाई. पुढे तिसऱ्या आणि दहाव्या पलटणीलाही तो किताब मिळाला. आजच्या बिल्ल्यावरचा बिगुल याच परंपरेचा आहे. १९०३मध्ये पाचवा क्रमांक अधिकृतपणे संपला, तरी मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या पलटणीला आजही सगळे ‘काळी पांचवीं’ म्हणूनच ओळखतात. सरकारी कागदावरचा आकडा बदलला म्हणून पलटणीची ओळख बदलत नाही, याचा याहून चांगला पुरावा नाही.

१८५७ने रचनेचा पाया हलवला. बंगालची फौज जवळपास कोसळली. मुंबईची बहुतांशी शांत राहिली, पण पूर्णपणे नाही. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७व्या पलटणीने उठाव केला. त्यानंतर इंग्रजांनी दोन धडे घेतले. पहिला, तोफखाना शक्यतो गोऱ्यांच्या हाती ठेवायचा आणि देशी पलटणींसोबत गोरी पलटण ठेवायची. दुसरा, एका समाजाची सगळी माणसे एका जागी साठू द्यायची नाहीत. आजच्या ब्रिगेडमध्ये वेगवेगळ्या रेजिमेंटच्या साधारण तीन पलटणी एकत्र असतात. या पद्धतीची मुळे काही अंशी त्या अविश्वासात आहेत. गंमत म्हणजे, स्वतंत्र भारतात तीच पद्धत उलट अर्थाने उपयोगी पडली : मराठी, पंजाबी आणि गढवाली जवान एकाच डोंगरावर एकमेकांच्या भरवशावर राहू लागले.

मग आला ‘लढवय्या जमातीं’चा सिद्धान्त. १८८५ ते १८९३ सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्सचे मत असे, की खरे सैनिक उत्तरेतच पिकतात. दक्षिणेकडच्या आणि मुंबईच्या माणसांचा कस, त्याच्या मते, गेला होता. त्याच सुमारास पलटणी जातीनुसार किंवा जातवार कंपन्यांनुसार बांधण्याचे धोरण आले, आणि १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती थांबवण्यात आली. शंभरावर वर्षे मुंबई फौजेत झिजलेल्या समाजाला एका आदेशाने बाहेर काढले. कारण लढण्यातली उणीव नव्हती. अस्पृश्यतेला सरकारी शिक्का मारणे सोयीचे वाटले, इतकेच. गोपाळ बाबा वलंगकर, जे स्वतः निवृत्त सैनिक होते, त्यांनी याविरुद्ध अर्ज केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनीही तो लढा चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. सैन्यातल्या शाळेमुळे, पगारामुळे आणि पेन्शनमुळे त्या समाजात वाचणारी-लिहिणारी पिढी उभी राहत होती. तिचा मार्गच बंद झाला. मिश्र पलटणी मोडून जातवार पलटणी करण्याची किंमत कुणी मोजली, हे रेजिमेंटच्या गौरवग्रंथांत सहसा येत नाही. ते यायला हवे.

१८९५मध्ये मुंबई, मद्रास, बंगाल या वेगळ्या फौजा मोडून एक भारतीय सैन्य झाले, आणि १९०३मध्ये सरसेनापती किचनरने सगळ्यांना नवे क्रमांक दिले. मुंबईच्या पलटणींच्या जुन्या आकड्यात शंभर मिळवले. तिसरीची १०३, पाचवीची १०५, दहावीची ११०, तशाच ११४, ११६ आणि ११७. त्यांच्या नावात ‘मराठा’ हा शब्द अधिकृतपणे आला तो इथे.

पहिल्या महायुद्धात या रचनेतली खरी त्रुटी उघडी पडली, आणि ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथे गेलेल्या सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये (तीन ब्रिगेडच्या दलात) तीन मराठा पलटणी होत्या : ११७वी १६व्या ब्रिगेडमध्ये, १०३वी १७व्या आणि ११०वी १८व्या ब्रिगेडमध्ये. प्रत्येक ब्रिगेडमध्ये एक गोरी पलटण. १८५७नंतरचे सूत्र इथे शब्दशः दिसते. जनरल टाउनसेंडच्या हाताखाली हे सैन्य बगदादच्या दिशेने गेले, टेसिफॉनला अडले आणि मागे हटून कुत-अल-अमारा इथे वेढले गेले. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. अन्न संपले, घोडे कापून खाल्ले गेले, बाहेरून सुटकेसाठी आलेल्या फौजा हजारो माणसे गमावून थबकल्या. शेवटी सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या हाती गेली. वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत त्यातले असंख्य मेले. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, अहमदनगरकडच्या किती घरांत त्या वर्षी तार गेली असेल! साताऱ्याजवळचे अपशिंगे गाव ‘मिलिटरी’ हे बिरुद लावते, त्याची मुळे त्याच महायुद्धात आहेत.

रचनेच्या बाजूने पाहिले तर प्रश्न असा होता : एक रेजिमेंट म्हणजे एकच पलटण. तीच कैद झाली, तर बदली माणसे आणायची कुठून? प्रत्येक पलटणीची भरती आणि प्रशिक्षण वेगळे. गंभीर हानी झाली की दुसऱ्या पलटणींतून माणसे उसनी आणायची. ती एकमेकांना ओळखत नसत, कधी बोलीही वेगळी असे. तिन्ही मराठा पलटणी भारतात पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. यातूनच १९२२ची पुनर्रचना आली. सहा जुन्या रेजिमेंट एकत्र आणून ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ झाली : १०३वी ही पहिली पलटण, १०५वी दुसरी, ११०वी तिसरी, ११६वी चौथी, ११७वी पाचवी. ११४वीला दहावा क्रमांक देऊन ती प्रशिक्षण पलटण केली आणि तिचे ठाणे बेळगाव ठरले. आजचे बेळगावचे सेंटर ते हे. तेव्हापासून मराठा जवान कुठल्याही पलटणीत जाणार असो, तो तयार होतो एकाच मैदानावर, एकाच उस्तादांच्या हाताखाली. एका पलटणीला माणसे कमी पडली तर तीच भाषा, तीच घोषणा, तीच शिस्त असलेली माणसे लगेच मिळतात. रेजिमेंट ही लढणारी तुकडी नसून घर आहे, ही आजची कल्पना कुतच्या वेढ्याने शिकवली असे मी मानतो.

मेसोपोटेमियातल्या कामगिरीबद्दल ११७वीला ‘रॉयल’ हा किताब मिळाला होता. १९२३मध्ये भारतीय अधिकाऱ्यांकडे हळूहळू सोपवायच्या आठ तुकड्या निवडल्या, त्यांत हीच पलटण होती. योजना उदार दिसत असली तरी हिंदी अधिकाऱ्याच्या हाताखाली गोरा अधिकारी येऊ नये, ही तिची दुसरी बाजू होती.

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी पूर्व आफ्रिकेतल्या केरेनच्या डोंगरांवर, लिबियातल्या तोब्रुकच्या वेढ्यात, मणिपूरमधल्या सांगशाकला आणि इटलीत लढल्या. तोब्रुक १९४२मध्ये पडले तेव्हा दुसरी पलटण कैदेत गेली. पण या वेळी मागे भक्कम सेंटर होते. इटलीतल्या दोन लढायांत पायदळाची सूक्ष्म रचना कशी चालते ते दिसते. १० जुलै १९४४ रोजी टायबर खोऱ्यात तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सेक्शनमधले सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले, बॉम्ब टाकून गन बंद पाडली, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्यांना लोळवले आणि लगेच शत्रूच्या गोळीने कोसळले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर पहिल्या पलटणीचे शिपाई नामदेव जाधव, कंपनीचे निरोप्ये, यांनी दोन जखमी साथीदारांना सुरुंग पेरलेल्या काठावरून आणि खोल पाण्यातून बाहेर काढले. मग हाताला गोळी लागलेली असताना हातबॉम्ब फेकत मशीनगनची ठाणी बंद केली आणि बांधावर उभे राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एक रायगडचा, एक अहमदनगरचा. एक सेक्शनचा प्रमुख, दुसरा साधा शिपाई. वरून कितीही नकाशे काढले तरी पायदळाचे ओझे शेवटी अशा दहा माणसांवर येते.

महारांसाठीही हाच काळ निर्णायक. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७मध्ये १११वी महार पलटण उभारली, आणि गरज सरताच १९२१मध्ये मोडली. १९४१मध्ये आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर आले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, तीही बेळगावलाच. १९४६मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि तिथे सर्व समाजांना प्रवेश मिळाला. १९६०च्या दशकात ती पुन्हा पायदळात आली. आज तिचे सेंटर मध्य प्रदेशात सागरला आहे. जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख या रेजिमेंटने दिले, आणि मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतल्या कामगिरीसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. जात हा निकष लावून नाकारलेल्या लोकांची रेजिमेंट पुढे सर्व समाजांची झाली. मुंबई फौजेच्या जुन्या मिश्र पलटणींची खरी वारस मला तीच वाटते.

स्वातंत्र्यानंतर मराठा लाइट इन्फंट्रीच्या नावातला पाच गेला. ४ फेब्रुवारी, म्हणजे तानाजी मालुसऱ्यांनी १६७०मध्ये सिंहगड घेतला तो दिवस, ‘मराठा दिन’ म्हणून पाळला जाऊ लागला. ‘कर्तव्य, मान, साहस’ हे ब्रीद आहे. १९४८मध्ये झांगर परत घेताना तिसरी पलटण छत्रीधारी म्हणून ब्रिगेडियर उस्मान यांच्या ब्रिगेडमध्ये होती. १९६१मध्ये दमण मुक्त करण्याचे काम पहिल्या पलटणीकडे होते. तिसरी पलटण १९५२मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि ‘२ पॅरा’ झाली. अलीकडे १९९६मध्ये २१वी पलटणही तशीच ‘२१ पॅरा’ झाली.

या जुन्या तिसऱ्या पलटणीची आणि जंगी पलटणीची पुन्हा गाठ पडली ती डिसेंबर १९७१मध्ये, बांगलादेशात. जमालपूरला ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी पाकिस्तानी कर्नल सुलतान यांना शरण यायला सांगणारी चिठ्ठी पाठवली; उत्तरासोबत बंदुकीची गोळी आली. १० आणि ११ डिसेंबरमधल्या रात्री वेढा फोडून निसटू पाहणारे पाकिस्तानी सैनिक लेफ्टनंट कर्नल ब्रार यांच्या पहिल्या मराठा पलटणीवर येऊन आदळले आणि तिथेच थोपवले गेले. ११ तारखेलाच टांगाईलजवळ ‘२ पॅरा’ विमानांतून उतरली, पुंगली पुलाजवळ ढाक्याची वाट अडवायला. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून येऊन तिला मिळाली ती जंगी पलटण. एके काळच्या १०३व्या आणि ११०व्या, कुतमध्ये एकाच वेढ्यात सापडलेल्या, पुढे वेगळ्या रेजिमेंटांत वाटल्या गेलेल्या दोन पलटणी पुन्हा एका रस्त्यावर आल्या.

रचनेत आजही बदल चालू आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रादेशिक सेनेच्या पलटणी पुण्यात आणि कोल्हापुरात आहेत. त्यांत नोकरी-धंदा सांभाळून सैनिकी करणारे लोक असतात. सर्वांत मोठा बदल मात्र २०२२च्या अग्निपथ योजनेचा आहे. आता शिपाई चार वर्षांसाठी भरती होतो आणि त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत जवानांना पुढे कायम ठेवले जाते. प्रशिक्षणाचा काळही पूर्वीपेक्षा कमी झाला आहे. अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३मध्ये सुरू झाले. शिपाई पंधरा-सतरा वर्षे एकाच पलटणीत राहणार, त्यातूनच नाईक, हवालदार आणि शेवटी सुभेदार मेजर तयार होणार, या गृहीतावर पलटणीची सगळी उतरंड आजवर उभी होती. पहिल्या अग्निवीरांची चार वर्षे २०२६च्या अखेरीस आणि २०२७च्या सुरुवातीला पूर्ण होत आहेत. त्यांतल्या कायम राहणाऱ्या जवानांमधूनच पुढच्या पिढीचे सेक्शन कमांडर निवडावे लागतील.